कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी गोदाम मोजा

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ दरवाजाच्या बिजागऱ्या बनवण्याचे लहान युनिट चालवतो. गेल्या वर्षी १२० लाखांची विक्री झाली आणि हिशेबनिसांनी ९ लाखांचा निव्वळ नफा दाखवला. प्रत्यक्षात मात्र बँकेतली शिल्लक ५ लाखांवरून २ लाखांवर आली. गोदामात पाय ठेवायला जागा नाही, तरीही महिन्यातून दोन-तीनदा एखादी वस्तू संपल्यामुळे काम थांबते. दोन मोठी गिऱ्हाइके दर लॉटमधला काही माल परत पाठवतात आणि त्या कारणाने बिल अडवून ठेवतात. रोज तयार मालातले १०० नग आम्ही तपासतो. ज्या दिवशी सहा-सात खराब निघतात त्या दिवशी ऑपरेटरला बोलावून मशीनचे सेटिंग बदलायला लावतो, पण सरासरी चाराच्या खाली काही जात नाही. धाकट्या भावाचे म्हणणे असे की १० लाखांचे कर्ज घ्यावे आणि साठ्याचे सॉफ्टवेअर बसवावे. सुरुवात कशापासून करावी? वर्षाचा गोषवारा आणि परत आलेल्या २०० नगांच्या तपासणीची नोंद सोबत जोडली आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण गोषवारा जोडला हे फार बरे केले, कारण अशा पत्रांत सहसा तक्रार असते आणि आकडे नसतात. आपल्याला हिशेब, साठा, दर्जा आणि पैसा अशा चार वेगवेगळ्या अडचणी दिसत आहेत, पण गोषवारा दोनदा वाचल्यावर मला त्यांत एकच गाठ दिसते, आणि ती गोदामात आहे. म्हणून आधी उत्तर सांगतो आणि मग त्याची कारणे : कर्जाचा अर्ज महिनाभर बाजूला ठेवावा, सॉफ्टवेअरचा विचार त्याहूनही पुढे ढकलावा, आणि येत्या सुट्टीच्या दिवशी काम पूर्ण बंद ठेवून गोदामातला प्रत्येक नग मोजावा. पैशांचे पुढचे आकडे लाखांत आहेत असे समजावे, फक्त तारेच्या खरेदीच्या उदाहरणातले तेवढे लाखांत नाहीत. चलन कोणतेही असले तरी हिशेब बदलत नाही.

आपला नफा कसा निघाला ते पाहू. वर्षाच्या सुरुवातीचा साठा १८, वर्षभरातली कच्च्या मालाची खरेदी ६२, मजुरी आणि इतर थेट खर्च ३०, म्हणजे एकूण ११०. त्यातून अखेरचा साठा २६ वजा केला की विकलेल्या मालाचा खर्च ८४ येतो. १२० मधून ८४ गेले, ढोबळ नफा ३६ राहिला; त्यातून भाडे, पगार, वीज, व्याज, घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी दरवर्षी धरलेली रक्कम) असे २७ गेले आणि ९ उरले. या हिशेबातले बाकीचे बहुतेक आकडे कोणत्या ना कोणत्या कागदावरून आले आहेत : बिलावरून, पगारपत्रकावरून, बँकेच्या उताऱ्यावरून. अखेरचा साठा मात्र असा आकडा आहे की जो कोणीतरी ठरवला आहे. तो जितका मोठा ठरवावा तितका विकलेल्या मालाचा खर्च कमी दिसतो आणि नफा तेवढाच फुगतो, आणि गंमत अशी की तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाक्यांची यादी) तरीही जुळते, ताळेबंदही जुळतो. इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार एकीकडे नावे आणि दुसरीकडे जमा लिहिण्याची, पद्धत मांडली, तेव्हापासून ही पद्धत एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूला दाखवते. पण दोन्ही बाजूंना सारखीच शिरलेली चूक तिला दिसत नाही. ‘हिशेब जुळला’ याचा अर्थ ‘हिशेब खरा आहे’ असा होत नाही.

आता त्या २६ मध्ये काय काय आहे ते आपणच लिहिले आहे. त्यात ४ हे परत आलेल्या मालाचे आहेत आणि ते पूर्ण उत्पादनखर्चाने धरले आहेत. आणखी ३ हे बंद पडलेल्या मापाच्या स्क्रूंचे आणि पत्र्याचे आहेत, ज्यांना दोन वर्षांत कोणी हात लावलेला नाही. लेखाशास्त्राचा नियम याबाबत स्पष्ट आहे, आणि तो आंतरराष्ट्रीय लेखा मानक २ मध्येही तसाच आहे : साठा हा त्याला पडलेला खर्च आणि तो विकून खर्च वजा जाता हाती येईल ती रक्कम, या दोहोंपैकी जी कमी असेल तिनेच धरावा. परत आलेला माल भंगारात घालून १ हाती येईल आणि जुने स्क्रू-पत्रा विकून आणखी १ हाती येईल असे मी गृहीत धरतो. खरा आकडा आपण भंगारवाल्याकडून घ्यावा. पहिल्यात ३ आणि दुसऱ्यात २ कमी झाले, साठा २१ वर आला, विकलेल्या मालाचा खर्च ८९ झाला आणि नफा ९ वरून ४ वर उतरला. अर्ध्याहून अधिक नफा रॅकवर पडून होता आणि त्याला गंज चढत होता.

येथे हिशेबनिसांना एक प्रश्न अवश्य विचारावा. माल परत आला तेव्हा त्याची विक्री रद्द करून गिऱ्हाइकाच्या खात्यावर जमेची नोंद झाली का, की माल नुसताच आत घेतला गेला? दुसरी गोष्ट झाली असेल तर तोच माल आपल्या वहीत दोनदा बसला आहे, एकदा गिऱ्हाइकाकडचे येणे म्हणून आणि एकदा गोदामातला साठा म्हणून. खर्चाने ४ असलेल्या मालाची विक्री आपल्या वहीतल्या नफ्याच्या दराने ५.७ च्या आसपास होते. तेवढी विक्री मागे घेतली, तर उरलेले ४ ही संपून सुमारे १.७ चा तोटा दिसेल. ही चूक लहान युनिटांत वारंवार होते, कारण परतीचा माल दुपारी गाडीतून उतरतो तेव्हा तो आत घेण्याची घाई असते आणि कागद कोणाच्या तरी खिशात राहतो.

आता बँकेकडे वळू. नफा असूनही शिल्लक ३ ने घटली कशी, याचे उत्तर आपल्याच गोषवाऱ्यात आहे. नफा ९ घ्यावा. त्यात घसाऱ्याचे ३ परत मिळवावे, कारण घसारा हा खर्च असला तरी त्यासाठी कोणाला पैसे दिलेले नसतात. झाले १२. साठा १८ चा २६ झाला, म्हणजे ८ गोदामात अडकले. गिऱ्हाइकांकडचे येणे २० चे ३० झाले, म्हणजे १० त्यांच्याकडे अडकले. उरले उणे ६. पुरवठादारांचे देणे १२ चे १७ झाले, म्हणजे ५ आपण त्यांचे थकवले; आता उणे १. जुन्या कर्जाच्या मुद्दलीचे २ फेडले आणि उणे ३ वर हिशेब टेकला. बँकेतली घट नेमकी तेवढीच आहे. हाच हिशेब आपण दुरुस्त आकड्यांनी करून पाहावा : नफा ४, घसारा ३, साठ्यातली वाढ फक्त ३, बाकी सगळे तेच. उत्तर पुन्हा उणे ३. साठ्याची किंमत आपण काहीही लावली तरी रोकड हलत नाही. फक्त नफ्याचे चित्र बदलते. त्यामुळे ज्या वर्षी नफा आणि बँक यांचे पटत नाही त्या वर्षी मी आधी बँकेवर विश्वास ठेवतो.

या दुरुस्तीचा परिणाम केवळ गेल्या वर्षापुरता नाही. आपण ढोबळ नफा ३० टक्के धरून भाव देत आहात. तो प्रत्यक्षात २६ टक्क्यांच्या जवळ आहे. कच्चा माल आणि थेट मजुरी विक्रीच्या प्रमाणात बदलते असे मानले, तर २७ चा स्थिर खर्च भरून निघण्यासाठी आपल्याला ९० ची विक्री पुरेशी वाटत होती, ती खरे तर १०४ च्या वर हवी. एखादा महिना मंदीचा गेला की हात आखडतो, याचे कारण हेच असावे.

मोजणी कशी करावी याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ती चुकली तर पुढचे सगळे चुकते. आदल्या दिवशी संध्याकाळी माल येणे-जाणे थांबवावे आणि शेवटच्या आवक-जावक चिठ्ठीचा क्रमांक टिपून ठेवावा, म्हणजे त्यापुढची कोणतीही नोंद मोजणीत मिसळणार नाही. मोजणाऱ्या जोडीत एक जण गोदामाचा आणि एक जण बाहेरचा असावा, आणि त्यांच्या हातातल्या कागदावर वहीतला आकडा छापलेला नसावा. तो असला की मोजणारा माणूस नकळत त्याच आकड्यापर्यंत मोजतो आणि थांबतो. खोक्यावरच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवू नये. मी एकदा मोजणीला उभा असताना ‘५०० नग’ लिहिलेली खोकी एकावर एक रचलेली होती, आणि खालच्या थरातली तीन उघडली तर एकातही पाचशे नव्हते, कारण जुळणीच्या टेबलावर घाईत लागेल तसे त्यांतून उचलले गेले होते आणि चिठ्ठी तशीच राहिली होती. पिना आणि स्क्रू एकेक मोजत बसू नयेत. खोक्याच्या वरून, मधून आणि तळातून मिळून १०० नग घ्यावेत, त्यांचे वजन करावे आणि रिकाम्या खोक्याचे वजन वगळून त्या हिशेबाने संपूर्ण खोक्याची संख्या काढावी. परत आलेला, सदोष आणि बंद मापाचा माल मोजताना लगेच लाल पट्टी लावून वेगळ्या कोपऱ्यात न्यावा. ते त्या दिवशी झाले नाही तर नंतर होत नाही.

गोदाम भरलेले असूनही वस्तू संपते, या तक्रारीत विसंगती मुळीच नाही. पैसा आणि जागा नको त्या मालाने व्यापली की हव्या त्या मालाला दोन्ही उरत नाही. आपल्या यादीत एकूण २१० वस्तू आहेत. सगळ्यांना सारखे लक्ष देण्याचा प्रयत्न आपण केला आणि तो फसला, हे स्वाभाविक आहे. वर्षाच्या वापराची किंमत लावून यादी उतरत्या क्रमाने मांडावी. बहुतेक ठिकाणी असे दिसते की वरच्या पाचव्या हिश्श्यातल्या वस्तूंवर बहुतांश पैसा खर्ची पडतो. त्या वस्तूंची नोंद रोज, मधल्यांची आठवड्याने, आणि वॉशरसारख्या किरकोळ वस्तूंसाठी दोन डब्यांची साधी रीत पुरे : एक डबा संपला की दुसरा उघडायचा आणि त्याच क्षणी मागणी लिहायची.

वरच्या वस्तूंसाठी दोन प्रश्न असतात, केव्हा मागवायचे आणि किती मागवायचे. पिनांच्या तारेचे उदाहरण घेऊ. रोज ४० किलो लागते, पुरवठादार सहसा १२ दिवसांत देतो पण कधी १७ दिवसही लावतो. १२ दिवसांचे ४८० किलो आणि उशिराच्या ५ दिवसांचे २०० किलो, मिळून ६८० किलो. साठा त्या रेघेला टेकला की मागणी गेलीच पाहिजे, मग मालक गावात असो वा नसो. ती रेघ तारेच्या रॅकवर रंगाने काढून ठेवली तरी चालते.

किती मागवायचे यासाठी फोर्ड हॅरिस या अभियंत्याने १९१३ साली मांडलेले सूत्र आजही उपयोगी आहे. वर्षाची गरज, एका मागणीचा खर्च आणि एक किलो वर्षभर सांभाळण्याचा खर्च, या तीन गोष्टी त्याला लागतात. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर गरज १२,००० किलो. एका मागणीचा वाहतुकीसह खर्च ३०० धरू. तारेचा भाव किलोला २५ आणि सांभाळण्याचा खर्च भावाच्या २० टक्के, म्हणजे ५ धरू. गरजेला मागणीच्या खर्चाने गुणावे, दुप्पट करावी, सांभाळण्याच्या खर्चाने भागावे आणि वर्गमूळ काढावे : १,२०० किलो. वर्षातून १० मागण्या, त्यांचा खर्च ३,०००, सरासरी ६०० किलो साठा, त्याचा खर्चही ३,०००, एकूण ६,०००. आपण दोन टक्के सवलतीसाठी एकदम ६,००० किलो उचलता. त्यात मागण्यांचा खर्च ६०० वर येतो हे खरे, पण सरासरी ३,००० किलो साठा सांभाळायला १५,००० लागतात. म्हणजे ९,६०० जादा. सवलत मिळते ती २५ च्या दोन टक्के, म्हणजे किलोला ०.५; १२,००० किलोवर ६,०००. सवलत घेऊनही आपण तोट्यात आहात, आणि हा तोटा कोणत्याही बिलावर दिसत नाही. अर्थात १,२०० हा आकडा वेदवाक्य मानू नये. १,५०० किलो मागवले तरी खर्च ६,१५० होतो, फरक नगण्य आहे. गाडीच्या भरतीला सोयीचा आकडा निवडावा, फक्त तो ६,००० नसावा.

आता दर्जाकडे येतो, कारण माझ्या मते आपला सर्वांत महागडा दोष तिथे आहे आणि त्यावरचा आपला सध्याचा उपाय तो वाढवतो आहे.

रोज १०० नगांत सरासरी ४ खराब निघतात. सहा-सात निघाले की आपण ऑपरेटरला बोलावता. पण सरासरी ४ असलेल्या प्रक्रियेत काहीही बदल झालेला नसताना कधी १, कधी ७ निघणे हे निव्वळ चढउतार आहेत; फासा टाकला की कधी एक येतो, कधी सहा, तसे. वॉल्टर शूहार्ट हे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करत असताना त्यांनी १६ मे १९२४ रोजी एका पानाच्या टिपणात याच प्रश्नासाठी नियंत्रण आलेख सुचवला, म्हणजे आकडे मांडून त्यांवर वरची आणि खालची मर्यादा आखलेला आलेख. आपल्या बाबतीत हिशेब असा : ०.०४ ला ०.९६ ने गुणावे, १०० ने भागावे, वर्गमूळ काढावे, साधारण १.९६ टक्के येते. त्याची तिप्पट ५.८८ सरासरीत मिळवली की वरची मर्यादा ९.८८ होते, खालची मर्यादा शून्याखाली जाते म्हणून ती शून्यच धरावी. याचा अर्थ, १० किंवा अधिक खराब निघाले तर त्या दिवशी काहीतरी वेगळे घडले आहे आणि काम थांबवून शोधलेच पाहिजे. ९ पर्यंतच्या सुट्या दिवसासाठी मशीनला हात लावू नये. सरासरीच्या एकाच बाजूला सलग बरेच दिवस आकडे राहिले, तर मात्र मर्यादेच्या आत असूनही विचार करावा. आपण सात निघाल्यावर सेटिंग हलवता तेव्हा बसलेली प्रक्रिया विस्कटते आणि चढउतार वाढतात. त्यातून ऑपरेटर एक धडा शिकतो, आणि तो धडा असा की तपासणीत सातवा खराब नग दिसला तर तो दिसू द्यायचा नाही. गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या परतीचा काही भाग या भीतीतून आला असण्याची मला दाट शंका आहे.

मर्यादेच्या आत असणे म्हणजे ४ टक्के चांगले असणे नव्हे. उलट, आलेख स्थिर असेल तर तो सांगतो की दोष कोणा एकाच्या एका दिवसाच्या हलगर्जीपणाचा नाही; काम ज्या रीतीने चालते त्या रीतीचाच तो आहे, आणि ती रीत बदलणे फक्त मालकाच्या हातात असते. नेमके काय बदलायचे ते आपण पाठवलेल्या नोंदीत आहे. परत आलेल्या २०० नगांपैकी ११८ मध्ये होल जागेवर नाही, ३९ मध्ये पिन सैल आहे, २३ मध्ये कडेला बर (कापताना उरलेली धातूची खरखरीत कड) राहिली आहे, १२ मध्ये प्लेटिंग उडाले आहे आणि ८ किरकोळ. पहिल्या दोन कारणांत १५७, म्हणजे जवळजवळ चार-पंचमांश. उरलेल्यांना सध्या विसरावे.

होल सरकलेले असले की पहिला संशय डायच्या (पत्रा कापणाऱ्या साच्याच्या) धारेवर जातो, पण धार गेली तर सहसा बर येते. जागा चुकते ती बहुधा पत्रा जिथे टेकवून धरतात तो स्टॉपर ढिला झाल्याने किंवा त्याची टेकण्याची बाजू घासल्याने. पंचिंग प्रेसपाशी स्वतः अर्धा तास उभे राहावे आणि पत्रा प्रत्येक वेळी त्याच जागी बसतो का हे पाहावे. मग एक साधे गेज बनवून घ्यावे : जाड पट्टीवर होलांच्या योग्य जागी तीन खुंट्या, बिजागरीचे पान त्यांवर सरळ बसले तर पुढे, नाही बसले तर बाजूला. पाळीचा पहिला नग, त्यानंतर तासाला एक, आणि पाळीचा शेवटचा नग त्यावर बसवून पाहावा. शेवटचा नग बसला नाही तर मागच्या तासाभराचाच माल वेगळा काढावा लागतो, संपूर्ण लॉट नव्हे. प्लेटिंग आणि जुळणीनंतर जो दोष सापडतो त्यावर तोवर तार, मजुरी आणि प्लेटिंग सगळे खर्च झालेले असते. प्रेसपाशी सापडला तर फक्त पत्र्याचा तुकडा जातो.

हाच धागा पुढे आपल्या उधारीपर्यंत जातो. ३० चे येणे १२० च्या विक्रीवर म्हणजे ९१ दिवसांची उधारी, आणि आपल्या बिलावर मुदत ४५ दिवसांची छापलेली आहे. गिऱ्हाइकाने ५,००० पैकी ४० नग परत केले आणि संपूर्ण बिल थांबवले, तर चूक अर्धी त्याची आहे आणि अर्धी आपली, कारण त्या ४० नगांचा निवाडा आपण आठवडे लांबवतो. यापुढे सदोष नग मान्य झाले की त्याच दिवशी तेवढ्या रकमेची जमापावती (बिलातून तेवढी रक्कम वजा केल्याचा कागद) पाठवावी आणि सोबतच्या पत्रात उरलेली रक्कम व तिची मुदत लिहावी. मग बिल अडवायला निमित्त उरत नाही. दर सोमवारी येण्याची यादी वयानुसार मांडावी, ४५ दिवसांच्या आत, ४५ ते ९०, आणि ९० च्या वर, आणि तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येकाला मालकाने स्वतः फोन करावा. लवकर पैसे देणाऱ्यास दोन टक्के सूट देण्याचा मोह होईल, पण ३० दिवस आधी पैसे मिळवण्यासाठी दोन टक्के सोडणे म्हणजे वर्षाला सुमारे २५ टक्के दराने पैसे उसने घेणे होय.

उधारी ९१ वरून ६० दिवसांवर आली तर येणे ३० वरून २० च्या खाली येते, आणि १० हून थोडे अधिक मोकळे होतात. धाकटे बंधू जेवढे कर्ज मागत आहेत तेवढेच. ते कर्ज १२ टक्क्यांनी मिळाले असे धरले तर वर्षाला १.२ व्याज, आणि फक्त ते भरून निघण्यासाठी दुरुस्त नफ्याच्या दराने सुमारे ४.६ ची जादा विक्री. शिवाय आज कर्ज हाती आले तर ते कुठे जाईल? पुरवठादारांना दिले जाईल, सवलतीची आणखी तार येईल, आणखी माल परत येईल, आणि पुढच्या वर्षी गोषवाऱ्यात साठा आणि येणे दोन्ही वाढलेले दिसतील. माझा कर्जाला तत्त्वतः विरोध नाही. मोठी मागणी हातात असेल आणि ती पुरी करण्यासाठी माल आणि पैसे यांच्यामधले अंतर भरायचे असेल, तर खेळत्या भांडवलाचे कर्ज अगदी योग्य असते. पुरवठादारांशी मात्र आत्ताच बोलावे. ६२ च्या खरेदीवर १७ चे देणे म्हणजे त्यांना आपण सरासरी १०० दिवस थांबवत आहोत, आणि अशा गिऱ्हाइकाची तार त्यांनी १२ ऐवजी १७ दिवसांनी दिली तर नवल नाही.

वह्यांबद्दल एकच गोष्ट. गोषवाऱ्यात ‘किरकोळ खर्च’ २.५ आहे, आणि पत्राच्या शेवटी आपण लिहिले आहे की घरासाठी लागेल तसे गल्ल्यातून घेतले जाते. घरासाठी घेतलेले पैसे हा धंद्याचा खर्च नव्हे, ती मालकांची उचल आहे. दोघांनी दरमहा ठरावीक पगार घ्यावा, त्यावर काही घेतले तर ते उचल खात्याला नावे टाकावे, आणि रोजच्या रोज गल्ला मोजून रोजकीर्दीशी पडताळावा. याने वहीतला नफा कदाचित थोडा वाढेलही, रोकड मात्र जिथे आहे तिथेच राहील. फायदा हा की कोणत्या महिन्यात किती पैसे कोणत्या कारणाने गेले हे दोघांनाही सारखेच दिसेल, आणि धाकट्या बंधूंशी होणारी चर्चा आकड्यांवर होईल.

सॉफ्टवेअरबाबत इतकेच सांगतो की सध्या आपल्याकडे त्यात भरायला खरे आकडे नाहीत. मोजणी झाली की वरच्या चाळीस वस्तूंच्या रॅकवर एकेक कार्ड टांगावे, आत-बाहेर होणाऱ्या प्रत्येक नगाची नोंद तिथेच पेन्सिलने व्हावी, आणि दर शनिवारी त्यांतली कोणतीही पाच कार्डे उचलून प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहावीत. सुरुवातीला पाचांपैकी दोन-तीन चुकतील. सलग दोन महिने पाचही बरोबर निघू लागली की तीच कार्डे संगणकावर चढवावीत. पहिल्या मोजणीचा कागद मात्र मला पाठवावा, विशेषतः लाल पट्टीच्या कोपऱ्यातल्या मालाची यादी. माझा भंगाराचा अंदाज कितपत चुकला ते मला पाहायचे आहे.